नॅव्हरोन नकाशावर नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'द गन्स ऑफ नॅव्हरोन' या 1961 च्या युद्धपटावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. त्यात ही सत्यकथा असल्याचं छापलंय. तेवढी दुरुस्ती व्हावी. नॅव्हरोन बेट नकाशावर सापडणार नाही. ॲलिस्टर मॅक्लीनने ते 1957 च्या कादंबरीत रचलं, चित्रीकरण झालं ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर. खरं घडलं ते त्याच समुद्रातल्या लेरोस बेटावर, आणि नेमकं उलटं. नोव्हेंबर 1943 मध्ये जर्मनांनी हल्ला केला, पाच दिवसांत बेट पडलं, हजारो ब्रिटिश आणि इटालियन सैनिक कैद झाले. पडद्यावर नॅव्हरोनच्या जर्मन तोफांमुळे अडकलेल्या दोन हजार सैनिकांसाठी नायक ग्रेगरी पेक कडा चढून जातो. लेरोस मात्र वाचलं नाही.

दुसरी तक्रार. पेकचं कौतुक रकानाभर आणि डेव्हिड निव्हनने केलेल्या मिलरला, त्या टोळीतल्या स्फोटकांच्या उस्तादाला, एकच ओळ! मी जन्मभर वायरमन, त्यामुळे जरा जास्तच लागलं. तोफांना लावलेली स्फोटकं जर्मनांना सापडणार, हे मिलर धरूनच चालतो. खरा माल त्याने तोफगोळे वर चढवणाऱ्या लिफ्टच्या वाटेत खाली दडवलेला असतो. लिफ्ट तेवढी खाली उतरली की कॉन्टॅक्ट जुळणार. पण ती येते आणि अलीकडेच थांबते.

1974 च्या मे महिन्यात भुसावळला, रेल्वे वसाहतीत पडदा बांधून हा सिनेमा दाखवला होता. रात्रीही जमीन तव्यासारखी. शेजारी बसलेला अमळनेरकडचा मित्र लिफ्ट खाली आली की माझा दंड दाबायचा, "आते फुटी भो, आते फुटी!" आणि नेमका फ्यूज उडाला. मी तेव्हा शिकाऊ. टॉर्च तोंडात धरून मीटरच्या खोलीत पळालो, फ्यूजची ग्रिप काढली, जळकी तार खरवडून नवी गुंडाळली. ग्रिप बसवली आणि बाहेर पंखे, प्रोजेक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. झाकणाचा स्क्रू आवळतोय तोवर बाहेर धडाडधूम आणि पब्लिकच्या शिट्ट्या.

त्या स्पेशल इफेक्ट्सना ऑस्कर मिळालं म्हणतात. मिळालं असेल. मी तो स्फोट पाहिला परवा, नातवाच्या मोबाइलवर. वीतभर पडदा, त्यात त्या तोफा केवढ्याशा!

आपला,
एक निवृत्त वायरमन, भुसावळ