चष्म्याच्या दुकानातल्या काकांना, गुरू ग्रह नीट दाखवल्याबद्दल

काका, नमस्कार.

समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोरच लिहितेय, आता बदला बघू.

दुर्बीण आमच्याकडं होती की ओ, सहा इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), फोकल लेंथ, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, आणि जुळे सोलापुरात घरामागं एवढीशी मोकळी जागा. सांगणारं कुणी नव्हतं. तुमच्याकडं नंबर काढायला आले तेव्हा सहज विचारलं, चष्मा घालून आयपीसला डोळा नीट लागत नाही, काय करू? तुम्ही आधी विचारलंत, सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या वाकड्या गोलाईचा नंबर, किती आहे. मग बिलाच्या मागं गणित मांडलंत, आयपीसचा आकडा भागिले एफ रेशो (फोकल लेंथ भागिले आरशाची रुंदी), आमचा ८, तेवढ्या जाडीचा झोत डोळ्यात शिरतो, २५ ला तीन मिमीच्या जरा वर, ६ मिमीचा आयपीस लावला तर फक्त पाऊण, आणि एवढ्या बारीक झोतात डोळ्याचा मधलाच भाग वापरला जातो म्हणून सिलिंडर फारसा त्रास देत नाही, साधा मायनस तर फोकसच्या नॉबवरच निघतो. म्हणजे ग्रह बघताना चष्मा खिशात. हे मला यूट्यूबवर कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, गर्दीत, दुकान लवकर बंद करून तुम्ही स्वतःचा आयपीसचा डबा घेऊन घरी आलात, हे तर मी मागितलंही नव्हतं. १० जानेवारी २०२६ ला गुरू सूर्याच्या बरोब्बर समोर आलेला, मिथुनेत, आपल्याकडून जवळजवळ डोक्यावर. आमचे बाबा म्हणाले गच्चीवर लावा, तुम्ही म्हणालात नको, दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर हवा हलवत राहतो, मातीवर लावा आणि आरसा गार व्हायला तासभर आधी बाहेर ठेवा.

२५ मिमीने ४८ पट. तेवढ्यातही गुरू नुसत्या डोळ्याच्या चंद्रापेक्षा मोठा दिसतो, पण खरं वाटत नाही, कारण शेजारी तुलनेला काही नसतं, चारही चंद्र एका रेषेत आणि मधे पांढरी टिकली. १० ने १२०, दोन पट्टे स्पष्ट. मग तुमचा ६ चा ऑर्थो (ग्रहांसाठी वापरतात तो आयपीस), २०० पट, आणि गुरू चुलीवरच्या हवेतून बघितल्यासारखा थरथरायला लागला. मला वाटलं १० बराच होता. तुम्ही म्हणालात काढू नका, बघत रहा, हवा मधेच क्षणभर थांबते. तो क्षण आला की उत्तरेच्या पट्ट्याची कड फाटल्यासारखी दिसायची आणि पुन्हा गायब, आणि तोवर गुरू मिनिटभरात आयपीसच्या बाहेर, की परत ढकला दुर्बीण. बार्लो (पट दुप्पट करणारं भिंग) लावून ४०० करू का विचारलं तर सरळ नाही म्हणालात, दीडशे मिमीच्या आरशाला ३०० च्या वर ताणून चित्र फुगतं, नवीन काही दिसत नाही. बॉक्सवर मोठमोठे पट छापणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

पण खरे आभार चित्राबद्दल. काय दिसतंय ते तुम्ही आधी सांगितलंच नाही. कागद दिलात, म्हणालात काढा, आणि गोल काढू नका, गुरू चपटा आहे, दहा तासाच्या आत गिरकी घेतो म्हणून मधे फुगलाय. मी एका पट्ट्यावर काळा ठिपका काढला आणि भीत भीत विचारलं, आयपीसवर धूळ आहे का? तुम्ही आयपीस फिरवायला सांगितलंत. धूळ असती तर सोबत फिरली असती, ठिपका जागचा हलला नाही. गुरूच्या आयो या चंद्राची सावली, काका! नाव तुम्ही सांगितलंत, पण सापडली मला आधी, आणि हे तुम्ही मुद्दाम तसं होऊ दिलंत हे मला कळलंय बरं का.

६ चा ऑर्थो शनीसाठी ठेवून घेतेय. ऑक्टोबर २०२६ मध्ये तो सूर्याच्या समोर येतोय, आणि मार्च २०२५ ला आडव्या, म्हणजे नुसत्या रेघेसारख्या, झालेल्या कड्या तोवर बऱ्यापैकी उघडलेल्या असतील. लवकर हवा असेल तर फोन करा, आणून देते. काकूंना तेवढं सांगा, पुढच्या वेळी त्यांनीही यायचंय.