पिंपरीच्या मातीतल्या औषधावरही कधीतरी लिहा

संपादक साहेब,
नमस्कार.

पेपरात पिंपरीच्या एचए कंपनीचं, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी औषध कारखान्याचं नाव आलं की विषय दोनच, जमीन नाहीतर थकलेले पगार. तेही छापायलाच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पेनिसिलीन सोडून त्या कंपाउंडच्या आत आणखी काय झालं हे इथे वाढलेल्या पोरांनाही माहीत नसतं, म्हणून हे पत्र.

कंपनी १९५४ ची. तिथे संशोधनात एम. जे. तिरुमलाचार होते, म्हैसूरकडचे, जन्म १९१४ चा. गंमत म्हणजे हा माणूस डॉक्टर नाही, केमिस्टही नाही, पिकांच्या रोगांचा अभ्यासक. तांबेरा आणि काणी, म्हणजे पिकांवरचे बुरशीचे रोग, हे त्यांचे विषय. गव्हाच्या पानावर हात फिरवला की बोटाला विटकरी पावडर लागते ना, ती बुरशी मायक्रोस्कोपखाली बघून तिची जात ओळखणं, नाव लावणं, हा उद्योग. बी. बी. मुंडकुरांबरोबर त्यांनी भारतातल्या काणी बुरशींवर केलेलं पुस्तक १९५२ ला आलं.

आता असा माणूस औषधाच्या कारखान्यात कशाला, तर मातीसाठी. पहिल्या पावसात जो वास सुटतो तो बराचसा स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंचा, आणि हेच जिवाणू आजूबाजूच्या बुरशीला मारणारी रसायनं बनवतात. ती शोधायची पद्धत ऐकायला एकदम सोपी. चिमूटभर माती पाण्यात कालवायची, ते पाणी दहा-दहा पट पातळ करत न्यायचं, आगरच्या, म्हणजे जेलीसारख्या खाद्याच्या प्लेटवर पसरायचं. काही दिवसांनी खडूची भुकटी सांडल्यासारखे कोरडे ठिपके उठतात. त्यातला एकेक उचलून वेगळा वाढवायचा, शेजारी बुरशी लावायची आणि मध्ये मोकळा पट्टा राहतो का ते बघत बसायचं. बहुतेक वेळा राहत नाही, प्लेट धुवायला टाकायची, पुढची घ्यायची. ज्याला बुरशी नजरेनं ओळखता येते आणि कंटाळा येत नाही अशाच माणसाचं हे काम.

त्यातून १९६१ ला हॅमायसीन हे बुरशी मारणारं औषध आलं. ते बनवणाऱ्या जिवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आपल्या पिंपरीवरून! पुढे १९६४ ला ऑरिओफंजिन, ते पिकांसाठी, भातावरच्या करप्यासारख्या रोगांवर. त्या शोधनिबंधांवर रहाळकर, सुकापुरे अशी आपल्याकडची नावंही सापडतात.

पेनिसिलीन बुरशीला काही करत नाही कारण ते जिवाणूच्या भिंतीवर घाव घालतं आणि बुरशीची भिंत निराळी असते. हॅमायसीनच्या जातीची औषधं बुरशीच्या पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातल्या एर्गोस्टेरॉल नावाच्या चरबीसारख्या पदार्थाला चिकटतात, पडदा गळायला लागतो, आतलं सगळं बाहेर. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) आला तेव्हा अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक गावोगाव फोन करत होते ते आठवत असेल, ते याच घराण्यातलं, आणि तेही व्हेनेझुएलातल्या मातीतल्या जिवाणूकडून मिळालेलं. हॅमायसीन तितकं मोठं झालं नाही, पोटात घेतलं तर रक्तात नीट उतरत नाही, त्यामुळे मुख्यतः वरून लावायच्या उपयोगाचं राहिलं. उगाच चमत्कार म्हणून डोक्यावर घेऊ नका, पण विसरूनही जाऊ नका.

मला खरा राग याचा येतो की बुरशी ओळखणारा माणूस आता कोणाला नको आहे. बॉटनीला ॲडमिशन घेतली तर घरचे तोंड पाडतात, आणि बॉटनीवाल्यांतही वर्गीकरण म्हणजे जुनाट काम. पुण्यात आगरकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, आजरेकरांच्या नावाचं हर्बेरियम, म्हणजे वाळवून ठेवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे, पण कॉलेजच्या सहली जातात कुठे तर वॉटर पार्कला. इकडे द्राक्षवाला, डाळिंबवाला ट्रायकोडर्मा या रोगाच्या बुरशीशी लढणाऱ्या उपयोगी बुरशीच्या पुड्या आणून पाण्यात कालवून मुळाशी ओततोय, पुडीत जिवंत बुरशी किती आणि नुसती पावडर किती हे सांगणारा माणूस तालुक्याला एक तरी आहे का?

तुमच्याकडून अपेक्षा एवढीच की रविवारच्या पुरवणीत एकदा अर्धं पान यावर द्या. त्या लॅबमध्ये काम केलेली मंडळी आता बरीच म्हातारी असणार, कोणी कॉलनीच्या आसपास भेटलं तर बोलतं करा, जुने फोटो मागा. आणि महापालिकेनं चिंचवडच्या सायन्स पार्कमध्ये एक प्लेट, एक मायक्रोस्कोप आणि पिंप्रिनाचा फोटो लावावा, फार खर्च नाही त्याला.

आपला,
एक नियमित वाचक, चिंचवड