डाव्या मधल्या बोटाचं नख

सांगली,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय अव्या,

इतक्या दिवसांत पत्र नाही म्हणून तू दिल्या असशील तेवढ्या शिव्या पोचल्या असं समज. प्रकृती ठीक. बीपीची गोळी चालू. आईला ऐकू कमी येतं, त्यामुळे माझा रियाज तिला हल्ली आवडतो.

रियाज म्हटलं खरं, पण तो बंद पडलाय. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख गेलं. हिला सांगितलं तर म्हणते, "नखच ना?" आपला दिल्या म्हणाला, "बोट वाचलं हे नशीब समज." सगळे बरोबरच बोलतात रे, पण यांतल्या एकानेही सरोदच्या पत्र्यावर नखाने तार दाबलेली नाही. म्हणून तुला लिहितोय.

पावसाळ्याच्या तोंडावर भाच्याच्या दुकानाचं शटर अडकलं होतं ते ओढायला गेलो, आणि ते सुटलं ते थेट बोटावर. नखाखाली रक्त साकळलं. आधी जांभळं, मग काळंठिक्कर. ठणका असा की विलंबितात मात्रा मोजाव्यात, फक्त 'खाली'ची रिकामी मात्रा कुठेच नाही. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी नखाला तापलेल्या सुईने भोक पाडलं, रक्ताची चिळकांडी उडाली आणि ठणका जागच्या जागी थांबला. नख मात्र पुढे आपोआप सुटून आलं.

नवं येईल म्हणून निवांत होतो. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पूर्ण यायला सहाएक महिने. आलंही. पण मधोमध चीर घेऊन, जाड आणि पिवळट. आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी लांबूनच बघून "फंगल आहे" म्हणत गोळ्या लिहिल्या. त्या घेऊन फक्त तोंडाची चव गेली. शेवटी मिरजेला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नखाखालचा भुसा खरवडून काचेवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बुरशीचा पत्ता नाही. बाई वैतागल्याच. म्हणाल्या, बिघडलेल्या नखांपैकी निम्म्यांतच बुरशी सापडते. बाकी कुठे मार लागलेला असतो, कुठे सोरायसिस, कुठे सतत पाण्यातलं काम. बुरशीवरचं टर्बिनाफिन यकृताला बाधू शकतं, तपासल्यावाचून घ्यायचं औषध नव्हे ते.

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. आपल्याला दिसतं ते नख मेलेलंच असतं. ते तयार होतं मागे, कातडीखालच्या मुळाशी. नखावरची पांढरी चंद्रकोर म्हणजे त्या मुळाचाच पुढचा भाग. मुळाच्या मागच्या भागातून नखाचा वरचा थर येतो, पुढच्या भागातून खालचा. शटरने नेमका तिथे व्रण केलाय. व्रण आहे तोवर त्या रेषेत नख धड होणारच नाही. म्हणजे चीर वाढून पुढे जाईल, आपण कापू, आणि मागून पुन्हा तीच येईल.

आता दरबारी रागातला गंधार डोळ्यांसमोर आण. नखाच्या कडेवर तार, खाली गुळगुळीत पोलाद, आणि सुराचं संथ आंदोलन. तार चिरेत शिरते आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणारी मींड मध्येच ठेचकाळते. तर्जनीने ओढून पाहिलं, पण पुढच्या सुराला मधलं बोट लागतंच. अनामिकेला शिकवायला घेतलंय. ती तुझ्यासारखी आहे, सगळं कळतं पण वेळेवर येत नाही.

तू काय म्हणणार ते ठाऊक आहे: "बोटाच्या मांसाने वाजव." गुरुजींच्या माडीवर यावरून आपण किती वेळा भांडलो! अमजद अलींच्या सरोदची कॅसेट मागे फिरवून फिरवून मी तुला नखाने रेंगाळणारी सुराची आस ऐकवायचो आणि तू जिन्यात जाऊन विडी ओढायचास. तेव्हा आता जिंकलास असं मनात आणू नकोस. गेल्या आठवड्यात मांसाने वाजवून पाहिलं. सूर लागतो, पण लागल्या लागल्या विझतो. माझं मत तेच आहे.

भाचीने नखांच्या पार्लरमध्ये नेलं. तिथल्या मुलीने विचारलं, "काका, एकच?" ॲक्रिलिकचं नख चढवलं, दिसायला झकास. पोलादी तारेने दोन बैठकींत ते कडेने उचललं. बाईंना सांगितलं तर ओरडा बसला. त्या रसायनांची ॲलर्जी होते म्हणे, आणि ते काढताना घासून घासून मूळचं नख पातळ होतं. गिटारवाले पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापून नखाखाली चिकटवतात हे मीही वाचलंय, तू कळवू नकोस. त्यांना तार छेडायची असते, आपल्याला दाबून घसरवायची.

सध्या नख आखूड ठेवायचं, कटर न लावता कानशीने घासायचं, नखामागची कातडी कोरायची नाही, रात्री युरियाचं मलम. भांडी घासायची नाहीत, हा एवढा सल्ला मी तंतोतंत पाळतो. उरला उपाय शस्त्रक्रिया: मुळातला व्रण काढून दोन्ही कडा बारीक टाक्यांनी जुळवायच्या. बाई स्पष्ट बोलल्या, नख सुधारेल, पण पूर्वीसारखं होईलच असं नाही, आणि आहे त्याहून बिघडूही शकतं. हिचं म्हणणं, या वयात कशाला चिरफाड. कार्यक्रम तरी कुठे होतात माझे? दत्तजयंतीचा एक, तोही चहावर. पण अव्या, पहाटे सरोदची खोळ काढून बसायचं ते काय कार्यक्रमासाठी होतं?

मुक्ताला नोकरी लागल्याचं कळलं, फार आनंद झाला. गुडघ्याचं काय केलंस? वहिनी केसांसाठी बायोटिन घेतात ना, त्यांना सांग, थायरॉइडची रक्ततपासणी असेल तर आधी डॉक्टरांना तसं सांगायचं. त्याने आकडे चुकीचे येतात. हेही बाईंकडूनच कळलं.

बाईंना महिनाअखेर उत्तर द्यायचंय. करू की नको, ते लिहून कळव. फोन करू नकोस, फोनवर तू नुसती समजूत काढतोस. आणि माझा तार छेडायचा, नारळाच्या करवंटीचा जवा तुझ्याकडेच आहे, मी विसरलेलो नाही. पाकिटात घाल.

तुझा,
नंदू