पॉवरलाइनची जोडी परत करण्याआधी वायरिंग तपासा

महोदय,

वायफाय मागच्या खोलीत पोहोचत नाही म्हणून विजेच्या तारांतून इंटरनेट नेणारी पॉवरलाइन अ‍ॅडाप्टरची जोडी आणली जाते. चार दिवस बरी चालते, मग नेट अडखळू लागते आणि जोडी खराब म्हणून परत जाते. बदलून आणलेली जोडीही तेच करते, कारण दोष बहुतेक वेळा घरातल्या वायरिंगमध्ये किंवा त्यावर लावलेल्या उपकरणांत असतो. तो घरच्या घरी शोधता येतो.

खोक्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नये. 1200 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) हा तारेवरचा कच्चा वेग असतो. ही यंत्रे एकाच तारेवर आळीपाळीने बोलतात, त्यामुळे प्रत्यक्षात 100 ते 200 एमबीपीएस मिळाले तरी जोडी उत्तम चालली आहे असे समजावे. 500 किंवा 600 लिहिलेल्या बऱ्याच जोड्यांचा लॅन पोर्ट (नेटची केबल खोचायची जागा) तर 100 एमबीपीएसचाच असतो.

पहिली चाचणी अशी करावी. दोन्ही अ‍ॅडाप्टर एकाच खोलीत, भिंतीवरच्या दोन सॉकेटमध्ये थेट लावावेत. एक अ‍ॅडाप्टर लॅन केबलने राउटरला जोडावा, लॅपटॉपचे वायफाय बंद करून तो दुसऱ्याला जोडावा आणि राउटरच्या पत्त्यावर सतत पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवावे. दोन ते पाच मिलिसेकंदांत उत्तर येत राहिले तर जोडी निर्दोष आहे. मग राउटरकडचा अ‍ॅडाप्टर जागीच ठेवून दुसरा एकेक खोली पुढे न्यावा. पिंग कुठे बिघडते ते सॉकेट कागदावर लिहून ठेवावे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे अ‍ॅडाप्टर एक्स्टेन्शन बोर्डात लावणे. स्पाइक गार्ड (विजेच्या उसळीपासून संरक्षण) असलेल्या बोर्डातले भाग जास्त फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तिथल्या तिथे गिळतात. यूपीएसचेही तेच. राउटर खुशाल यूपीएसवर ठेवावा, पण अ‍ॅडाप्टर भिंतीच्या सॉकेटमध्येच हवा. दोघांना लॅन केबल जोडते. हाच गुण उलटाही वापरता येतो: त्रास देणारा चार्जर स्पाइक गार्डच्या बोर्डात लावला की त्याचा गोंगाट, म्हणजे तारेत सोडलेला विद्युत अडथळा, बऱ्याच अंशी तिथेच अडतो. परदेशी पिनेचा अ‍ॅडाप्टर ढिल्या कन्व्हर्टरमध्ये लटकत असेल तर तोही बदलावा. कन्व्हर्टर दोन पिनांचा असेल तर अर्थिंगची तार सुटते, आणि तिन्ही तारा वापरणाऱ्या नव्या जोड्या दोनच तारांवर, कमी वेगाने चालतात.

आता गोंगाट. हे सिग्नल साधारण 2 मेगाहर्ट्झपासून वर चालतात. त्याच पट्ट्यात स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर आणि पंख्याचे गोल फिरणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर कचरा सोडतात. असा रेग्युलेटर सेकंदाला 100 वेळा वीज तोडून जोडतो. पंखा मधल्या वेगावर असताना तो सर्वाधिक त्रास देतो. पिंग चालू ठेवून एकेक बटण बंद करावे. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असल्याने हे काम सोपे आहे. एखादा दिवा बंद करताच 200 वर गेलेले पिंग 4 वर आले, तर गुन्हेगार सापडला. दिवा बदलावा, रेग्युलेटर असेल तर कपॅसिटरचा, टप्प्याटप्प्याचा बसवावा. संध्याकाळीच नेट गंडते अशी तक्रार असेल तर चाचणीही संध्याकाळीच करावी, दुपारी काही सापडणार नाही.

इन्व्हर्टर असलेल्या घरांत एक वेगळीच भानगड असते आणि वायरमनही ती सांगत नाहीत. इन्व्हर्टरची लाइन त्याच्या रिले (आपोआप जोडणी बदलणारा स्विच) आणि फिल्टरमधून जाते, म्हणजे वीज असतानाही ती थेट लाइनपासून काहीशी तुटलेली असते. एक अ‍ॅडाप्टर इन्व्हर्टर लाइनवर आणि दुसरा थेट लाइनवर असेल तर वेग पडतो, आणि वीज गेली की दुसरा बंदच होतो. दोन्ही एकाच लाइनवर हवेत. कोणते सॉकेट कुठल्या लाइनवर आहे ते पाहायला मेन स्विच क्षणभर बंद करावा: चालू राहिले ते इन्व्हर्टरचे. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर मात्र बॅटरीवर चालताना स्वतःच इतका गोंगाट करतो की तेवढ्या वेळेपुरती या जोडीवर भिस्त ठेवू नये.

थ्री फेज जोडणीच्या (विजेच्या तीन वेगळ्या चालू तारा येणाऱ्या) बंगल्यात अनेकदा तळमजला एका फेजवर आणि वरचा मजला दुसऱ्यावर असतो. तारा शेजारून गेल्यामुळे थोडा सिग्नल उडी मारतो, म्हणून नेट कधी येते, कधी नाही. एक फेज गेला म्हणून कोणी चेंजओव्हर (फेज बदलण्याचा स्विच) फिरवला की आदल्या दिवशी चालणारी जोडी दुसऱ्या दिवशी बंद पडते. टेस्टरचा दिवा सगळ्याच फेजवर लागतो, त्याने काही कळत नाही. दोन फेजमध्ये सुमारे 400 व्होल्ट असतात, म्हणून ही तपासणी आणि सर्किट एका फेजवर आणणे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. डीबीत (घरातल्या वीज वितरणाच्या पेटीत) स्वतः हात घालू नये.

काही किरकोळ गोष्टी. लॅनवरचे यंत्र बंद राहिले की काही मिनिटांनी अनेक अ‍ॅडाप्टर झोपतात. ही वीजबचत कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून बंद करता येते. आणि होमप्लग व जी.एचएन या पॉवरलाइनच्या दोन वेगळ्या पद्धतींच्या जोड्या एकमेकींशी बोलत नाहीत, वर एकाच तारेवर एकमेकींना त्रास देतात. सोसायटीत राहणाऱ्यांनी पेअर बटण दाबून स्वतःची किल्ली (सिग्नल गुप्त ठेवणारा सांकेतिक शब्द) तयार करावी, कारण सिग्नल मीटरपाशी थांबेलच असे नाही.

एवढे करूनही भागले नाही तर लॅन केबल ओढावी. जुन्या फ्लॅटमध्ये लँडलाइनसाठी टाकलेला पाइप बहुधा आजही मोकळा पडून असतो. आतल्या टेलिफोनच्या तारेच्या टोकाला कॅट-6 प्रकारची लॅन केबल घट्ट बांधावी, सांधा टेपने निमुळता करावा आणि एकाने पलीकडून हळू ओढताना दुसऱ्याने अलीकडून केबल सरळ सोडावी. विजेच्या तारांच्या पाइपात मात्र ती कधीही घालू नये.

– एक नेटवर्क तंत्रज्ञ, नाशिक