कालप्रवास: अर्धे उत्तर देऊ नका

महोदय,

सांगलीतील एका विज्ञान प्रदर्शनात कालप्रवास ही निव्वळ कल्पना असल्याचे विद्यार्थ्यांना सांगण्यात आले, ते अर्धेच खरे आहे. गतिमान घड्याळ मंद चालते, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले आणि १९७१ मध्ये हाफेल व कीटिंग या शास्त्रज्ञांनी विमानांतून आण्विक घड्याळे जगभर फिरवून पडताळले. जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे तर वेगामुळे मंद होतात, पण उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्याने त्याहून अधिक जलद चालतात आणि एकत्रित परिणामाने दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि ही तफावत दुरुस्त केली नाही तर मोबाइल आपले ठिकाण चुकीचे दाखवेल. वेगाने फिरणाऱ्याचा वेळ कमी जातो, म्हणजेच तो इतरांच्या भविष्यात पोहोचतो; भविष्याकडे असे जाणे, अत्यल्प प्रमाणात का होईना, सिद्ध झालेले आहे. भूतकाळाचे तसे नाही. गणितज्ञ गोडेल यांनी १९४९ मध्ये आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांची भूतकाळात जाऊ देणारी उकल दाखवली, परंतु त्यातील फिरते विश्व आपले नव्हे. हा भेद शिक्षकांनी वर्गात आवर्जून समजावावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, विश्रामबाग, सांगली