विषय: राख आणि गंज दाखवणारं तुमचं मॉडेल आमच्या बॉयलरचं नाहीच, पैसे अडवून ठेवतोय

नमस्कार साहेब,

फोनवर तुमचे सपोर्टवाले दर वेळी "टेक्निकल टीमला कळवतो" एवढंच म्हणतात म्हणून आता लेखी पाठवतोय, आणि कॉपी आमच्या एमडी साहेबांनाही टाकलीये.

आमच्या डिस्टिलरीच्या स्लॉप बॉयलरसाठी (स्लॉप म्हणजे अल्कोहोल काढून उरलेला, आटवलेला स्पेंट वॉश, तोच यात जळतो) तुमच्याकडून जे कॉम्प्युटर मॉडेल करून घेतलं त्यात राख कुठे बसेल, कुठली ट्यूब आधी खाल्ली जाईल आणि राख उडवणारे सूट ब्लोअर कधी मारायचे हे सगळं कळणार होतं. रिपोर्ट आला, रंगीत चित्रं एकदम झकास, सुपरहीटरची (वाफ आणखी तापवणाऱ्या ट्यूबांची) पहिली बँक, म्हणजे पहिला जुडगा, हिरवीगार म्हणजे सेफ. आणि प्रत्यक्षात चोकअप झाला तो नेमका त्याच बँकेत! धूर ओढणारा आयडी फॅन फुल लोडवर, तरी ड्राफ्ट म्हणजे ओढ मिळेना, फर्नेसमधला दाब पॉझिटिव्ह होऊन दारातून धूर बाहेर, शेवटी बॉयलर बंद करून पोरांना आत उतरवून राख फोडावी लागली, ते पण ऐन गाळपात. आत बघितलं तर ट्यूबा पातळ झालेल्या, दोन ठिकाणी लीकेज.

मग मी रिपोर्ट नीट वाचायला घेतला तर दोन-तीन पानांवर "ब्लॅक लिकर" (पेपर मिलमध्ये लगदा करून उरलेलं काळं द्रव) तसंच राहिलंय. म्हणजे पेपर मिलच्या रिकव्हरी बॉयलरचं मॉडेल उचललं, नाव बदललं आणि आम्हाला दिलं. अहो तिथली राख सोडियमची, सल्फेट आणि कार्बोनेट. आमच्या स्पेंट वॉशमध्ये उसातून मळीत आलेला पोटॅश भरलेला असतो, म्हणून तर आमची राख खत म्हणून विकली जाते, आणि वर क्लोराईड. सोडियम सल्फेट 884 अंशाला वितळतं, पोटॅशियम क्लोराईड 770 ला, आणि क्लोराईड पोटॅशियम सल्फेटबरोबर आलं की 700 च्याही खाली पातळ व्हायला लागतं. राखेत साधारण 15 टक्के भाग वितळला की ती चिकटायला लागते हे तर तुम्हीच प्रेझेंटेशनमध्ये सांगितलं होतं, मग तो 15 टक्के कुठल्या राखेचा धरला? लॅबचा रिपोर्ट आम्ही सुरुवातीलाच मेल केला होता, तो कुणी उघडला तरी का.

दुसरं, मॉडेलमध्ये फक्त उडणारे कण ट्यूबवर आदळून बसतात एवढंच धरलंय. पण फर्नेसमध्ये क्लोराईडची वाफ होते, ती गार ट्यूबवर जाऊन थिजते, मागच्या बाजूला पण, जिथे कण आदळतच नाहीत, आणि त्या चिकट थरावर बाकीची राख येऊन बसते. आमच्या ट्यूबांच्या मागच्या बाजूला पांढरा थर होता, फोटो सोबत जोडलेत.

गंजाचं तर विचारूच नका. वाफेचं तापमान तेच ट्यूबच्या धातूचं तापमान असं धरलंय, खरं तर धातू त्याच्यापेक्षा गरम असतो. आणि थराखाली क्लोरीन लोखंडाला खातं, लोखंडाचं क्लोराईड बाहेर येऊन ऑक्सिजनला भेटलं की क्लोरीन परत सुटतं आणि परत आत खायला जातं, म्हणजे तिथे राख वितळली नसली तरी गंज चालूच असतो. तुमच्या हिशोबात यातलं काहीच नाही.

शिवाय सगळं रन एकाच फीडवर. आमच्याकडे स्लॉपचा ब्रिक्स (त्यातल्या घन भागाचा टक्का) कधी 60, कधी 55, बगॅस (उसाचा चोथा) ओला आला तर विचारायलाच नको, ब्रिक्स घसरला की सपोर्ट फ्युएल म्हणजे जोडीचं इंधन वाढवावं लागतं आणि फर्नेस आऊटलेटचं तापमान डिझाइनच्या वर जातं. आमचा शिफ्ट इंजिनिअर म्हणतो तेच खरं, बॉयलरला पीपीटी वाचता येत नाही.

तर आता मागणी अशी. आमच्या राखेच्या अ‍ॅनालिसिसवर मॉडेल परत चालवा, वाफ थिजण्याचा हिशोब घाला, ब्रिक्सच्या वरच्या-खालच्या दोन्ही टोकांना रन करा, आणि आम्ही मोजलेल्या ट्यूब जाडीशी जुळवून दाखवा. हे फुकट झालं पाहिजे, नव्याने कोटेशन पाठवू नका. प्रेझेंटेशनवाला माणूस नको, ज्याने बॉयलरच्या आत डोकं घातलंय असा कुणीतरी साइटवर पाठवा. तोपर्यंत शेवटचा हप्ता मिळणार नाही, आणि पुढच्या शटडाऊनपर्यंत काही झालं नाही तर दिलेले पैसे परत मागणार आहोत.

आपला,
डिस्टिलरी मॅनेजर
(राखेचे रिपोर्ट, ट्यूब जाडीची शीट, फोटो सोबत)