बीटलच्या मागचा इतिहास

महोदय,
फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीचा विषय निघाला की आपल्याकडे तिची गोंडस बीटल गाडी आणि २०१५चा डिझेल घोटाळा, एवढंच बोललं जातं. ही कंपनी १९३७ साली नाझी राजवटीने काढली. आठवड्याला पाच मार्क भरा, गाडी मिळवा, अशी योजना होती. तीन लाखांहून अधिक जर्मनांनी पैसे भरल्याची तिकिटं कार्डांवर चिकटवली. गाडी एकालाही मिळाली नाही! युद्धात कंपनीच्या कारखान्यात लष्करी वाहनं बनली, तीही वेठीला धरलेल्या हजारो परदेशी कामगारांकडून. १९४५ नंतर कारखाना मार्गी लावला तो कालच्या शत्रूने, ब्रिटिश मेजर आयव्हन हर्स्ट यांनी.

असा भूतकाळ असलेल्या कंपनीने चाचणीपुरतं प्रदूषण कमी दाखवणारं सॉफ्टवेअर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत घालावं, याची चीड येते. तरी एक श्रेय द्यायला हवं. वेठबिगारीचा इतिहास कंपनीने हान्स मॉम्झेन या इतिहासकाराकडून लिहून घेतला आणि तो हजारपानी ग्रंथ १९९६ साली प्रसिद्धही झाला. चाकणच्या कारखान्यामुळे ही कंपनी आता आपल्या शेजारची आहे. वाहनविषयक पुरवणीत मायलेजच्या तक्त्याशेजारी या इतिहासालाही चार ओळी मिळाव्यात.

– एक वाचक, पुणे